पोटातून खुरांत

माझा धाकटा मेव्हणा हल्ली घोड्यांना गोळ्या देत नाही. माणसांना देतो. गल्लीत कुणाला शिंक आली की याची बाटली तयार. पण पागेच्या फाटकातून तो गेल्या दीड वर्षात एकदाही आत गेलेला नाही. लोक मला विचारतात, "काय हो, तुमच्या गोळीडॉक्टरने घोडे का सोडले?" मी म्हणतो, घोड्यांनीच त्याला सोडलं. लोक हसतात, आपल्या वाटेने जातात. मीही हसतो. पण आतून अशी तिडीक जाते म्हणून सांगू! आणि ती नेमकी कुणावर जाते हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

मी नालबंद. घोड्यांची खुरं तासायची, नाल ठोकायचे, हे माझं काम. माझ्या बापाचंही हेच. शहराच्या कडेला घोडेस्वारी शिकवायची एक शाळा आहे. अकरा घोडे, एक म्हातारा मोतद्दार आणि मालकीणबाई, जिला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. दर मंगळवारी मी तिथे जातो. तीस वर्षांत माझा मंगळवार चुकलेला नाही.

मेव्हणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहतो, दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. घड्याळं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. एक काच, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि एक मोठं लाकडी कपाट, त्याला बोटभर उंचीचे साठ खण. पुढे लोकांनी घड्याळं दुरुस्त करून घेणंच सोडलं. बंद पडलं की फेकलं, नवीन घेतलं. दोन वर्षं हा माणूस त्या दिव्याखाली रिकामा बसला. मग कुठून तरी टपालाने शिकायचा होमिओपॅथीचा अभ्यासक्रम मागवला, तीन जाडजूड पुस्तकं आणली, आणि एके दिवशी बघतो तर साठच्या साठ खणांत बाटल्या! स्प्रिंगा गेल्या, साखरेच्या गोळ्या आल्या.

मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्याने जेवताना मला शिकवायला सुरुवात केली हो!

"भाऊजी, कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं की नाही?"

"येतं."

"मग सर्दीत ज्याच्या डोळ्यानाकातून तसंच पाणी गळतं, त्याला कांद्याचंच औषध लागू पडतं. जे निरोग्याला बाधतं, तेच रोग्याला तारतं. सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे."

"म्हणजे दगड लागून लंगडणाऱ्याला दगडाचं औषध?"

मी चेष्टा केली होती. तो गंभीरपणे म्हणाला, "गारगोटीचं असतं ना. पू बाहेर काढायला."

आता काय बोलायचं अशा माणसाशी? मग औषध कसं करतात ते सांगितलं. थेंबभर अर्क घ्यायचा, शंभर थेंबांत मिसळायचा, बाटली तळहातावर दहा वेळा आपटायची. त्यातला एक थेंब पुन्हा शंभर थेंबांत. पुन्हा आपटायची. असं तीस वेळा.

"मग शेवटी बाटलीत उरतं काय?"

"औषधाची शक्ती."

"आणि औषध?"

"औषध नाही, भाऊजी. नुसती शक्ती. जितकं पातळ, तितकी जास्त."

"छान. उद्यापासून मीही घोड्याला नाल मारत नाही, नालाची शक्ती मारतो."

आमची ही ताटात भाकरी वाढता वाढता माझ्याकडे असं बघायची, की पुढचा घास मी मुकाट्याने गिळायचो. भावाला कुणी बोललेलं तिला खपत नाही. त्या दोन रिकाम्या वर्षांत भावाचं काय होईल या काळजीने ती वाळून गेली होती, तेव्हा गोळ्या तर गोळ्या, माणूस सकाळी उठून दाढी करतोय ना, एवढंच तिला हवं होतं. हेही मला कळत होतं. कळून काय उपयोग? राग तो राग.

पागेत त्याला मीच नेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ही म्हणाली, जरा हवापालट होईल त्याला, घेऊन जा बरोबर. नेला. आणि तिथे त्याने पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, "तो पांढरा घोडा खाण्याच्या वेळी भिंतीला लाथा का मारतो?"

बाई म्हणाल्या, खोडच आहे त्याची.

झालं. हा एक बादली उपडी घालून त्या पांढऱ्यासमोर बसला. घोडा काही बोलत नाही, म्हणून त्याचं सगळं बघूनच टिपावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पाणी घोट घोट पितो की एका दमात, कुठल्या कुशीवर लोळतो, ऊन आवडतं की सावली, शेजारच्या घोड्याला आधी खायला मिळालं तर कान मागे पाडतो का, एकटा ठेवला तर घाबरतो का. मोतद्दाराला विचारून विचारून त्याने भंडावून सोडलं. लागोपाठ तीन दिवस, रोज दोन दोन तास. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "खाण्याच्या वेळी मागच्या न्हाणीत पाणी सोडतात. तेव्हा भिंतीतला पाईप धडधडतो. लाथ त्यानंतर दोन सेकंदांनी येते."

खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो. तीस वर्षं त्या भिंतीशेजारी बसून मी नाल ठोकतोय, मला कधी पाईप ऐकू आला नव्हता. त्याने पाईपभोवती पोतं गुंडाळून बांधलं, आणि मग घोड्याला भित्रेपणाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून, बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून दिल्या. पांढऱ्याच्या लाथा थांबल्या.

"बघितलंत भाऊजी? एका मात्रेत गुण."

"अरे, पाईप बांधलास ना तू!"

"ते बाहेरचं कारण. भीती आत होती."

घोडं इथेच पेंड खात होतं. बघायचा सगळं अचूक, माझ्यापेक्षा, मोतद्दारापेक्षा, बाईंपेक्षा. आणि श्रेय द्यायचा साखरेला. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? मी कंटाळून ओतणं सोडलं.

पण घोड्यांना तो आवडायचा, हे मान्य केलंच पाहिजे. विशेषतः तांबडीला. तांबडी म्हणजे शाळेतली सगळ्यात जुनी घोडी. शाळेत जे पोर पहिल्यांदा खोगिरावर बसलं, ते तिच्याच पाठीवर. रिकीब सुटून पोर एका बाजूला कललं की ती आपण होऊन थांबायची. चौदा वर्षं मी तिच्या खुरांना हात लावला, एकदाही तिने पाय हिसकला नाही. उलट मी जवळ गेलो की स्वतःच पाय उचलून द्यायची. अशी घोडी नालबंदाच्या आयुष्यात एखादीच येते. मी हे कधी कुणाला बोललो नाही. नालबंदाने घोड्याचे लाड करायचे नसतात, असं माझा बाप म्हणायचा.

आमची खरी जुंपली ती काळ्या घोड्यावरून. काळा अचानक तीन पायांवर आला. मी खूर चिमट्याने दाबून दाबून जागा शोधली, तळ कोरला, आत पू धरतोय हे ओळखलं, वर पोटीस बांधलं आणि बाईंना सांगितलं, उद्या सकाळी फुटेल. संध्याकाळी या पठ्ठ्याने गारगोटीच्या गोळ्या दिल्या. सकाळी फुटलं. घोडा चालायला लागला. बाईंनी मेव्हण्याचा हात हातात घेतला आणि पागेच्या कचेरीत त्याच्यासाठी खुर्ची टाकली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! मला तीस वर्षांत तिथे खुर्ची मिळाली नाही. मी आपला आजही ऐरणीच्या ठोकळ्यावर बसतो.

वर त्याने नियम काढला. कापराच्या उग्र वासाने त्याची औषधं 'कापली' जातात म्हणे. मी घोड्यांच्या सुजलेल्या सांध्यांना कापराचं तेल चोळतो, बापाच्या काळापासून. ते बंद. तापलेला नाल खुराला लावला की धूर होतो, तोही त्याच्या रोग्यापासून वीस पावलांवर. मी म्हटलं, "अरे, जे औषध कापराच्या वासाला घाबरतं, ते रोगाशी काय झुंजणार?" मोतद्दार हसला. बाई हसल्या नाहीत. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "जरा सांभाळून घ्या. डॉक्टर सांगतात ते विचार करूनच सांगत असतील." डॉक्टर! घड्याळवाला डॉक्टर झाला आणि मी राहिलो मिस्त्री. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

आता तो आठवडा.

रविवारी मी तिथे नव्हतो. पुढचं मला नंतर कळलं. दाण्याच्या खोलीची कडी सैल झाली होती. तांबडीने ती ओठांनी उघडली, आत गेली आणि जवाच्या पिंपात तोंड घातलं. मोतद्दाराला दुपारी सापडली तेव्हा पिंप निम्मं रिकामं होतं आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. सगळे हसले म्हणे, म्हातारपणी काय हा हावरटपणा! जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवायचं बाईंच्या मनात आलं होतं, पण गोळीडॉक्टर तिथेच खुर्चीवर होता. त्याने कुचल्याच्या गोळ्या काढल्या. अति खाण्यावर त्यांच्यात कुचल्याचं औषध असतं. दर दोन तासांनी एक मात्रा दिली. रात्रभर तो तिच्यापाशी बसला. सोमवारी सकाळी सातला तिने लीद टाकली, पोट मऊ पडलं. पुन्हा सगळीकडे याचा जयजयकार.

मंगळवारी मी माझी हत्यारं घेऊन गेलो. तांबडी ठाणात उभी होती. मी दारातच थबकलो. पुढचे दोन्ही पाय तिने पुढे ताणले होते आणि अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर घेतला होता, थंड जमिनीवर उभं राहायला नको म्हणून माणूस टाचांवर राहतो ना, तशी. मी जवळ गेलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने पाय उचलून दिला नाही. मी वाकून उजव्या खुरावर तळहात ठेवला. खूर तापलं होतं. सांध्याच्या मागे दोन बोटं ठेवली. निरोगी घोड्याची तिथली नाडी शोधावी लागते. हिची बोटांवर ठोके देत होती.

मला कळलं. त्या क्षणी कळलं. माझा बाप म्हणायचा, धान्य खाऊन घोडा पोटाने वाचला तर पायांनी जातो. खूर म्हणजे एक कडक डबी. तिच्या आत हाड मांसाच्या पदरांनी लटकलेलं असतं. जास्तीच्या धान्याचं विष रक्तातून खाली उतरलं की ते पदर सुजतात, आणि सुजायला डबीत जागा नसते. मग पदर सुटतात. हाड सुटतं, खाली घसरतं, आणि घोड्याचं सगळं वजन त्या हाडावर. पहिल्या दोन दिवसांत पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, डॉक्टरांचं इंजेक्शन मिळालं, खाली हातभर भुसा घातला, तर घोडा वाचतो. त्यानंतर देवाचं नाव घ्यायचं.

मी सरळ झालो. मागे मेव्हणा उभा होता, डोळे लाल, पण चेहरा असा उजळलेला की विचारू नका.

"गरम आहेत ना खुरं?" तो म्हणाला. "कालपासून आहेत. आधी डावं, मग उजवं. भाऊजी, हे पुस्तकात तंतोतंत लिहिलंय. खरं औषध लागू पडलं की रोग आतून बाहेर सरकतो आणि वरून खाली उतरतो. पोटात होता, तो आता खुरांत आलाय. खुरांतून बाहेर पडेल. म्हणून मी मात्रा थांबवलीय. आता फक्त वाट बघायची, मध्ये हात घालायचा नाही."

बाई त्याच्या मागून आल्या. "मिस्त्री, तांबडीला आज राहू द्या. नालही नको, तेल तर नकोच. डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे."

आता तुम्ही म्हणाल, तिथेच बोलायचं होतं. ओरडायचं होतं. हो, होतंच! एरवी कापरावरून, कांद्यावरून, पाईपवरून तोंड चालवणारा मी. पण त्या वेळी माझ्या मनात आलं: बरं. अगदी बरं. होऊन जाऊ दे एकदाचं. उद्यापर्यंत घोडी आणखी लंगडेल, बाई घाबरतील, मला फोन करतील, आणि मग मी येईन आणि सगळ्यांसमोर या शहाण्याला तोंडघशी पाडेन. एका दिवसाने काय होतंय. मी फक्त "बरं" म्हणालो, हत्यारं उचलली आणि दुसऱ्या घोड्याकडे गेलो. त्या दिवशी मी चार घोड्यांना नाल ठोकले. फाटकाबाहेर पडताना स्वतःशी पुटपुटलो, घोडामैदान जवळच आहे.

बुधवारी मी माझ्या कारखान्यातून हललो नाही. फोन समोर ठेवून खिळ्यांची टोकं घासत बसलो. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हा माझा मान. दुपारी एकदा उठून चपला घातल्या, पुन्हा काढल्या. फोन वाजला नाही. का वाजेल? तिकडे सगळे बरं होण्याची वाट बघत होते. मेव्हणा जेवायला आला नाही, पागेतच होता. ही डबा घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, "घोडी पडून आहे, विश्रांती घेतेय." मी तोंड उघडलं. मग वाटलं, आता बोललो तर ही विचारेल, काल का नाही बोललात? तोंड मिटलं.

गुरुवारी सकाळी फोन आला. "मिस्त्री, तांबडी उठत नाही हो."

मी जाता जाता डॉक्टरीणबाईंना फोन केला. कुणाला विचारलं नाही. वरातीमागून घोडं, पण केला. त्या माझ्या पाठोपाठ आल्या, गाडीतून उचलून आणायचं एक्स-रेचं यंत्र घेऊन. मोतद्दार, मेव्हणा आणि मी, तिघांनी मिळून तांबडीला कसंबसं उभं केलं. ती थरथरत होती, घामाने अंग काळपट पडलं होतं. फोटो काढेपर्यंत मेव्हण्याने तिचं तोंड छातीशी धरून ठेवलं होतं. त्याच्यापाशी ती शांत उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. बोलायची गरजच नव्हती. दोन्ही पुढच्या खुरांत हाडाचं टोक खाली वळून तळाला टेकलं होतं.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

मेव्हणा सांगू लागला. सगळं तोंडपाठ. "रविवारी दुपारी पावणेबाराला जव खाताना सापडली. सोमवारी सातला लीद. सोमवारी संध्याकाळी साडेपाचपासून डावा पाय उचलून ठेवायला लागली, आधी दोन मिनिटांनी एकदा, रात्री नऊपर्यंत दर चाळीस सेकंदांनी. मंगळवारी पहाटे उजवाही. खुरं गरम, डावं जास्त. पाणी नेहमीच्या दुप्पट, घोट घोट. बुधवारी चौदा तास आडवी, उठताना आधी गुडघ्यांवर. कान थंड."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही तर सगळंच बघितलंत. माझ्याकडे शिकलेली पोरं एवढं बघत नाहीत. मग मला सोमवारी का नाही बोलावलं?"

"मला वाटलं, बरी होतेय," तो म्हणाला.

बाई रडायला लागल्या. कापराचं तेल, गारगोटी, खुर्ची, सगळं गेलं चुलीत. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, यापुढे ठेवलं तर प्रत्येक पाऊल सुरीच्या टोकावर, आणि हाड तळातून बाहेर येणार. बाईंनी होकाराची मान हलवली. तांबडीला मागच्या मैदानात नेता येईना, म्हणून ठाणातच ताजा भुसा पसरला. इंजेक्शन देताना तिचं तोंड पुन्हा त्यानेच धरलं. मी पायांपाशी होतो. मी डाव्या खुरावर हात ठेवला होता. ते थंड व्हायला फार वेळ लागला.

नंतर आम्ही दोघं न्हाणीच्या नळावर हात धुवायला गेलो. तो साबण लावून बोटं एकेक करून धूत होता, घड्याळाच्या तेलाचे हात धुवायचा तसा. मला सहन होईना. कुणी तरी त्याला शिव्या घालायला हव्या होत्या. माझ्या ओठांवर आल्याही होत्या. आणि बाहेर आलं ते भलतंच.

"मला मंगळवारीच कळलं होतं रे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही खुरावर हात ठेवलात, मग नाडी बघितलीत. तुमचा चेहरा उतरला. मी मागे उभा राहून बघत होतो ना." त्याने नळ बंद केला. "म्हटलं, आता भाऊजी बोलणार. मी सगळं सांगत गेलो, आतून बाहेर, वरून खाली, ते तुम्ही मध्येच तोडणार म्हणून घाईघाईने सांगत गेलो. आणि तुम्ही 'बरं' म्हणालात."

मी भिंतीला टेकलो.

"एरवी तुम्ही मला कधी सोडता का, भाऊजी? कांद्यालाही सोडलं नाहीत. मला वाटलं, नालबंद आहेत, खुरांतलं यांच्याइतकं कुणाला कळत नाही, चुकत असतो तर बोललेच असते. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःची खात्री वाटली. घरी येऊन ताईला सांगितलं मी, आज भाऊजींना माझं पटलं म्हणून."

"अरे, भांड ना माझ्याशी!" मी ओरडलो. "काही तरी बोल! घाल दोन शिव्या!"

त्याने शर्टाला हात पुसले. पलीकडे मोतद्दार ठाणाचं दार लावत होता.

"चला," तो म्हणाला, "ताई जेवायची थांबली असेल."